जुन्या फरशीवर लाकडी फ्लोअरिंग: आधी खालची जमीन, मग कॅटलॉग

लाकडी फ्लोअरिंग करायचं ठरलं की बहुतेक जण आधी रंग बघायला जातात. साग की ओक, गडद की फिकट, रुंद फळी की अरुंद पट्टी यावर घरात आठवडाभर चर्चा होते, ऑर्डर जाते, खोके येऊन पडतात आणि मग कुणीतरी पहिल्यांदा गुडघ्यावर बसून खालची जमीन नीट बघतं. नूतनीकरणात हा क्रम उलटा हवा. खाली काय आहे, ते किती सपाट आहे आणि त्यात किती ओल आहे, या तीन गोष्टी कळल्या की निम्मे पर्याय आपोआप गळून पडतात. जे उरतात त्यातून रंग निवडायला कुणाची हरकत नाही.

खाली काय आहे ते उघडं करा

कार्पेट असेल तर ते काढायचं, त्याखालचं फोमचं अस्तर काढायचं आणि भिंतीकडेने मारलेल्या खिळ्यांच्या पट्ट्याही उपटायच्या. मऊ व्हिनाइल असेल तर तेही काढा. मऊ थरावर लॉक असलेल्या, म्हणजे कडेच्या खाचांनी एकमेकींत अडकणाऱ्या, फळ्या टाकल्या की प्रत्येक पावलाला सांधा थोडा वाकतो, सहा-आठ महिन्यांत लॉकचा ओठ तुटतो आणि सांध्यात फट दिसू लागते. तेव्हा दोष फळीला दिला जातो.

एक सावधगिरी इथेच सांगतो. १९८० च्या दशकापर्यंतच्या अनेक जुन्या व्हिनाइल टाइल्समध्ये आणि त्यांच्याखालच्या काळ्या डांबरी गोंदात अ‍ॅस्बेस्टॉस वापरलेलं असायचं. नऊ इंची चौरस जुन्या टाइल्स दिसल्या तर विशेष जपून. त्या तशाच न हलवता राहिल्या तर धोका कमी. ग्राइंडर लावला, घासल्या किंवा फोडल्या की तंतू हवेत जातात आणि फुप्फुसात बसतात. शंका असेल तर नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यायचा आणि तोवर त्या जमिनीला हात लावायचा नाही.

टाइल किंवा मोझेइकची फरशी असेल तर हातोडीच्या दांड्याने प्रत्येक लादीवर टकटक करत जा. घट्ट बसलेली लादी टणक वाजते, सुटलेली बद्द वाजते. बद्द वाजेल तिथे खडूने फुली मारा. सगळी खोली फिरून झाली की उभं राहून फुल्यांचा नकाशा बघा. इकडेतिकडे दोन-चार फुल्या असतील तर तेवढ्या लाद्या काढून मॉर्टरने भरून घ्या. फुल्यांचा एकच मोठा पट्टा दिसला तर तिथे खालचा थरच सुटलेला असतो. तेवढा भाग उखडल्याशिवाय पुढे जाऊ नका. फळी जमिनीला न जोडता नुसती वर तरंगत ठेवायची (फ्लोटिंग) असेल तर एखादी पोकळ लादी कदाचित चालून जाईल. गोंदाने चिकटवायची असेल तर मुळीच चालणार नाही, कारण लाकूड हलताना खालच्या थराला ओढतं आणि सुटी लादी त्या ओढीने उचलली जाते.

जुनी जमीन लाकडाची असेल, म्हणजे तुळयांवर फळ्या ठोकलेल्या असतील, तर तपास वेगळा. खोलीभर टाचा आपटत चाला. कुठे करकर होते, कुठे झोका जाणवतो, कपाटातल्या काचा कुठे थरथरतात याकडे लक्ष द्या. करकर हा बहुतेक वेळा फळी आणि खिळा एकमेकांना घासल्याचा आवाज असतो; तिथे तुळईत उतरणारा लांब स्क्रू मारला की तो थांबतो. झोका मात्र तुळईचा असतो. त्यावर वरून इलाज नाही, खालून आधार द्यावा लागतो. शक्य असेल तर खाली उतरून तुळयांच्या टोकांना, विशेषतः त्या भिंतीत शिरतात तिथे, स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. निरोगी लाकडात टोक जेमतेम शिरतं. कुजलेल्या लाकडात ते सहज आत जातं. मातीच्या बारीक वाटा, पोकळ वाजणारं लाकूड किंवा भुसा दिसला तर वाळवी आणि भुंग्यांचा बंदोबस्त आधी. जमिनीखाली हवा खेळण्यासाठी भिंतीत ठेवलेल्या जाळ्या बुजलेल्या असतील तर त्या मोकळ्या करा. बाहेरून प्लास्टर करताना त्या बुजवल्या जातात आणि पुढे सगळी जमीन दमट राहते.

सपाटी: पाणसळ नको, पट्टी हवी

बऱ्याच जणांचा इथे घोटाळा होतो. जमीन एका बाजूला थोडी उतरती असली तर फळ्यांचं काही बिघडत नाही. बिघडतं ते खळगे आणि उंचवटे असले तर. त्यामुळे पाणसळ बाजूला ठेवा आणि सहा फुटांची सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घ्या. खोलीत अंधार करा, पट्टी जमिनीवर उभ्या कडेवर ठेवा आणि मागून टॉर्च मारा. पट्टीखालून उजेडाची रेघ जिथे रुंद होते तिथे खळगा. पट्टी जिथे तोल जाऊन डुलते तिथे उंचवटा. पट्टी लांबीत, रुंदीत आणि तिरकी अशा तिन्ही दिशांनी फिरवा. सर्वसाधारण मान्य मर्यादा सहा फुटांत एक सूत, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर, आणि दहा फुटांत दीड सूत, म्हणजे सुमारे ५ मिलिमीटर. रुंद आणि लांब फळ्यांना यापेक्षाही कडक सपाटी लागली तर आश्चर्य नको. खोक्यातल्या कागदावर कंपनीने ती लिहिलेली असते.

कोब्याचे उंचवटे ग्राइंडरने उतरवायचे आणि खळगे सेल्फ लेव्हलिंग, म्हणजे आपोआप सपाट पसरणाऱ्या, मिश्रणाने भरायचे. आधी धूळ व्हॅक्यूमने पूर्ण उचला, मग प्रायमर, मग मिश्रण. पाणी मापूनच घाला. "थोडं पातळ केलं की छान पसरतं" असं म्हणत कामगार पाणी वाढवतात. त्याने वरचा थर भुसभुशीत होतो, नखाने खरवडला तरी भुकटी निघते आणि त्यावर लावलेला गोंद त्या भुकटीलाच धरून बसतो. टाइल्सच्या सांध्यांमधले खोल चर फ्लोटिंग फ्लोअरिंगलाही भरून घेणं चांगलं. गुळगुळीत टाइलवर मिश्रण टाकायचं तर न शोषणाऱ्या पृष्ठभागासाठीचाच प्रायमर घ्या.

जुन्या लाकडी जमिनीवर साधं सिमेंटचं मिश्रण टिकत नाही, लाकूड हललं की ते तडकतं. तिथे वर आलेले खिळे आत ठोका, कडा उचललेल्या फळ्या रंध्याने उतरवा आणि गरज असेल तर वर प्लायचा थर द्या. प्लायच्या पत्र्यांचे सांधे खालच्या फळ्यांच्या सांध्यांवर येऊ देऊ नका, चार पत्र्यांचे कोपरे एका जागी येऊ देऊ नका आणि दोन पत्र्यांमध्ये साधारण एक सूत फट ठेवा. स्क्रू कडेला सुमारे १५० मिलिमीटरवर. लांबी बघून घ्या. खालून वीज किंवा पाण्याची नळी जात असेल तर फार लांब स्क्रू महागात पडतो.

खळगा झाकायला फळीखाली दुहेरी फोम टाकण्याची युक्ती कुणी सुचवली तर ऐकू नका. फोम दबतो, फळी वाकते आणि लॉक तुटतो.

ओल: इथे घाई केली की सगळं वाया

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, त्याप्रमाणे फुगतं आणि आकसतं. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राहिली तर लाकडात सुमारे ९ टक्के पाणी असतं. आर्द्रता ८० टक्क्यांवर टिकली तर ते १६ टक्क्यांपर्यंत जातं. हा फरक फळीच्या लांबीत जवळजवळ दिसत नाही, रुंदीत दिसतो. सपाट चिरलेली १०० मिलिमीटर रुंदीची ओकची पट्टी ओल चार टक्क्यांनी वाढली की साधारण दीड मिलिमीटरने रुंद होते. तीन मीटर रुंद खोलीत अशा तीस पट्ट्या बसतात, म्हणजे हिशेबाने ४४ मिलिमीटर. खिळे आणि गोंद त्यातलं बरंचसं दाबून धरतात, पण जोर जातो कुठे? तो भिंतीवर, सांध्यांवर आणि गोंदावर येतो. साग याच्या निम्माच हलतो. त्याच्या किमतीमागे रंग आणि वास असतीलही, पण फ्लोअरिंगच्या दृष्टीने त्याचा खरा गुण हा शांतपणा.

काँक्रीटची जमीन वरून कोरडी दिसते, यावर जाऊ नका. सर्वात सोपी चाचणी प्लास्टिकची: सुमारे १८ इंच चौरस जाड पारदर्शक प्लास्टिक जमिनीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने सीलबंद करा आणि किमान १६ तास, शक्यतो पूर्ण दिवस तसंच ठेवा. उचलल्यावर आतून थेंब दिसले किंवा काँक्रीट गडद झालं असेल तर ओल आहे. काहीच दिसलं नाही तर मात्र ती नाहीच असा अर्थ होत नाही, कारण आतली ओल एका दिवसात वर येईलच असं नाही. त्यामुळे ही चाचणी फक्त 'थांबा' सांगू शकते, 'पुढे जा' सांगू शकत नाही. भरवशाचं काम करायचं तर स्लॅबच्या जाडीच्या ४० टक्के खोलीपर्यंत भोक पाडून त्यात आर्द्रता मोजणारा प्रोब बसवतात आणि तो स्थिरावू देऊन आकडा वाचतात. लाकडासाठी हा आकडा साधारण ७५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली असावा असं धरलं जातं. तुम्ही घेतलेल्या फ्लोअरिंगच्या आणि गोंदाच्या कागदावर जे लिहिलं असेल ते शेवटचं.

नूतनीकरणात नवा कोबा किंवा नवा स्क्रीड घातला असेल तर त्याच्या जाडीच्या पहिल्या ५० मिलिमीटरपर्यंत दर मिलिमीटरला एक दिवस वाळवण धरायची सवय लावून घ्या. ५० मिलिमीटरच्या पुढे वेग आणखी मंदावतो. हीटर आणि पंख्यांनी वरचा थर वाळतो, खालचं पाणी तिथेच राहतं. सुतार, रंगारी आणि फर्निचरवाला सगळे रांगेत उभे असतात आणि घरात कुणालाच अजून महिनाभर थांबायचं नसतं, हे समजू शकतं. तरीही थांबा.

काँक्रीटवर फ्लोटिंग फ्लोअरिंग टाकायचं असेल तर खाली २०० मायक्रॉनचं पॉलिथिन घाला. पट्ट्या एकमेकांवर २०० मिलिमीटर चढवून सांधे चिकटपट्टीने बंद करा आणि कडा भिंतीवर थोड्या वर वळवा. जास्तीचं नंतर कापता येतं. काही फोममध्ये हा थर आधीच असतो, तिथे दोनदा घालू नका. जुन्या लाकडी जमिनीवर मात्र असं सीलबंद प्लास्टिक टाकू नये. खालून येणारी ओल त्याखाली अडकते आणि जुन्या फळ्या कुजतात. तिथे हवा काही प्रमाणात जाऊ देणारा कागद वापरतात.

लाकडी जमिनीवर ओल मोजणारा मीटर टोचून बघा. जुनी जमीन १२ टक्क्यांच्या आत हवी. नव्या आणि जुन्या लाकडाच्या आकड्यांत अरुंद पट्ट्यांसाठी चार टक्क्यांपेक्षा जास्त, आणि तीन इंच किंवा त्याहून रुंद फळ्यांसाठी दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एका ठिकाणचा आकडा पुरत नाही. बाहेरच्या भिंतीजवळ, बाथरूमच्या भिंतीजवळ आणि खोलीच्या मध्यावर, तिन्हीकडे घ्या. बाथरूमलगतचा आकडा एकटाच वर गेलेला दिसला तर फ्लोअरिंग बाजूला ठेवा, आधी प्लंबरला बोलवा.

आता निवड

बाजारात 'वुडन फ्लोअरिंग' या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

भरीव लाकूड साधारण १८ ते २० मिलिमीटर जाड असतं. पुन्हा पुन्हा घासता येतं, पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, आणि ओलीला सर्वात जास्त प्रतिसाद देतं. ते खिळ्यांनी ठोकायचं असल्याने खाली लाकूड किंवा प्लाय हवा. काँक्रीटवर ते करायचं म्हणजे आधी ओलरोधक थर, मग प्लाय किंवा रीपा, म्हणजे उंची आणखी वाढली. खाली मजबूत लाकडी जमीन असेल आणि घरातली हवा वर्षभर फारशी बदलत नसेल, तरच मी त्याच्या बाजूने बोलेन.

इंजिनिअर्ड फळीत वर खऱ्या लाकडाचा थर आणि खाली आडवे-उभे चिकटवलेले प्लायचे थर असतात. थर एकमेकांना धरून ठेवतात म्हणून रुंदीतली हालचाल खूप कमी होते. जुन्या जमिनीवर, विशेषतः काँक्रीट किंवा टाइलवर खरं लाकूड हवं असेल तर बहुतेक घरांसाठी हाच पर्याय बरोबर. दुकानात एकच प्रश्न विचारा: वरचा थर किती मिलिमीटर? एका पॉलिशच्या वेळी मशीन साधारण अर्धा ते एक मिलिमीटर खाते. दोन मिलिमीटरचा थर जेमतेम एकदा घासता येतो. चार मिलिमीटरचा दोन-तीनदा. वरचा थर एक मिलिमीटरच्याही आत असेल तर ती फळी घासायची नाहीच, जुनी झाली की बदलायची. ते मान्य असेल तर घ्या, पण भरीव लाकडाच्या तोडीचे पैसे देऊ नका.

लॅमिनेट म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड, त्यावर लाकडाचा छापील फोटो आणि वर कडक पारदर्शक थर. त्याला नाक मुरडणारे बरेच आहेत, मी नाही. ओरखड्याला ते पुष्कळ लाकडांपेक्षा कडक असतं आणि बसवायला सोपं. घासाईच्या प्रतवारीत घरासाठी एसी ३ पुरतं. वर्दळ जास्त असेल तर एसी ४. त्याचा कच्चा दुवा म्हणजे सांध्यात शिरलेलं पाणी. एकदा बोर्डची कड फुगली की ती परत बसत नाही.

कठीणपणा बघायचा तर जांका आकडा विचारता येतो: पांढरा ओक सुमारे १३६०, कठीण मेपल १४५०, साग हजाराच्या थोडा वर, अक्रोड हजाराच्या आसपास, मऊ पाइन ४०० च्या आत. मोठा कुत्रा किंवा रोज ओढल्या जाणाऱ्या खुर्च्या असतील तर पाइन घेऊन तक्रार करू नका. आणि लाकूड कितीही कठीण असलं तरी गडद, चकचकीत फिनिशवर प्रत्येक ओरखडा आणि धुळीचा कण दिसतो. मॅट आणि मध्यम रंग जास्त माफ करतो.

जमिनीखाली उष्णतेच्या नळ्या असतील तर इंजिनिअर्ड किंवा त्यासाठी मान्य केलेलं लॅमिनेट घ्या आणि पृष्ठभाग साधारण २७ अंश सेल्सियसच्या वर जाऊ देऊ नका. बाथरूममध्ये यातलं काहीच नको.

मागवणं, मुरवणं आणि उंचीचा हिशेब

सरळ मांडणीसाठी क्षेत्रफळाच्या ५ ते १० टक्के जास्त माल, तिरक्या किंवा हेरिंगबोन मांडणीसाठी १५ टक्क्यांच्या आसपास. सगळा एकाच बॅचचा. आल्या आल्या खोके भिंतीला टेकून उभे करू नका, फळ्यांना वाक येतो. आडवे, जमिनीपासून थोडे उचलून ठेवा. लॅमिनेट साधारण ४८ तास बंद खोक्यात त्याच खोलीत मुरू द्यावं, म्हणजे त्याला तिथल्या हवेची सवय होते. भरीव लाकडाला दिवस मोजून उपयोग नाही, मीटरचा आकडा जमिनीच्या जवळ आला की झालं. हे सगळं घर राहण्याजोग्या स्थितीत असताना हवं: खिडक्या बसलेल्या, प्लास्टर आणि पुट्टी वाळलेली, ओली कामं संपलेली. रंगाचा शेवटचा हात आणि स्कर्टिंग मात्र फ्लोअरिंगनंतर.

उंची कागदावर मांडा. १४ मिलिमीटरची फळी आणि २ मिलिमीटरचा फोम म्हणजे १६ मिलिमीटर. दार एवढं वर उघडेल का? शेजारच्या खोलीशी उंबऱ्यावर किती फरक पडेल? स्वयंपाकघरात ओट्याखालचं मशीन पुन्हा बाहेर येईल की आतच अडकेल? आणि जिना असेल तर शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा १६ मिलिमीटरने वेगळी होते. पायाला हा फरक डोळ्याआधी कळतो, म्हणजे ठेच लागून. पायऱ्यांची उंची आधी सारखी करून घ्या.

आखणी

फळ्यांची दिशा शक्यतो खोलीच्या लांबीला किंवा मुख्य खिडकीच्या उजेडाला समांतर. तुळयांवर ठोकायच्या असतील तर मात्र तुळयांना आडव्याच, तिथे डोळ्याची आवड चालत नाही.

खोलीची रुंदी तीन-चार ठिकाणी मोजा. जुन्या घरात भिंती समांतर नसतातच. समजा रुंदी ३०८० मिलिमीटर, दोन्हीकडे १० मिलिमीटर फट, उरले ३०६०. फळी १९० ची. सोळा फळ्या म्हणजे ३०४०, आणि शेवटी २० मिलिमीटरची चिरपट्टी. ती ना कापता येते ना टिकते. शेवटची ओळ किमान ५० मिलिमीटर हवी. म्हणून एक पूर्ण फळी आणि ती २० ची पट्टी मिळून २१० चे दोन सारखे भाग करा: पहिली ओळ १०५, मग पंधरा पूर्ण, शेवटची पुन्हा १०५. हा हिशेब पहिली फळी कापण्याआधी करायचा असतो.

भिंतीवर भरवसा ठेवू नका. दोरी ताणून रेघ मारा आणि ३-४-५ च्या त्रिकोणाने काटकोन तपासा. भिंत वाकडी असेल तर पहिल्या ओळीची भिंतीकडची कड भिंतीच्या आकाराप्रमाणे कापा, पुढची कड मात्र दोरीला सरळ. पहिल्या दोन ओळी सरळ बसल्या की बाकी काम जवळजवळ आपोआप पुढे सरकतं. त्यात दोन मिलिमीटरचा वाक राहिला तर तो शेवटच्या भिंतीपर्यंत पोचतो.

बसवणं

फ्लोटिंग पद्धतीत फळ्या जमिनीला नाही, एकमेकींना जोडलेल्या असतात. भिंतीलगत पाचरी लावून १० ते १२ मिलिमीटर फट ठेवा. पहिल्या ओळीची भिंतीकडची जीभ, म्हणजे खाचेत बसणारी पुढे आलेली कड, कापून टाका. पुढची फळी तिरकी धरून खाचेत घाला आणि खाली दाबा. सांधा बसला की हलका 'टक' येतो. आला नाही तर जोर लावू नका, काढा आणि खाचेतला भुसा झटका. ठोकायचं असेल तर ठोकळा मध्ये धरा, हातोडी थेट फळीवर नको. ओळीच्या शेवटी कापलेला तुकडा पुरेसा लांब असेल तर त्यानेच पुढची ओळ सुरू करा. शेजारच्या ओळींतले आडवे सांधे ३०० मिलिमीटर तरी लांब ठेवा, आणि जिन्यासारखा एकसारखा नमुना होऊ देऊ नका, तो खोलीभर डोळ्यांत खुपतो. एकाच वेळी तीन-चार खोक्यांतल्या फळ्या मिसळून घ्या, म्हणजे रंगाचे पट्टे उमटणार नाहीत.

दाराच्या चौकटीशी बरेच जण फळीला वेड्यावाकड्या खाचा पाडतात आणि मग फट पुट्टीने बुजवतात. त्यापेक्षा चौकटच खालून कापा. फोमचा तुकडा ठेवा, त्यावर फळीचा तुकडा उलटा ठेवा, करवत त्या तुकड्यावर आडवी टेकवा आणि चौकटीचा पाय त्या उंचीवर कापून काढा. मग फळी खाली सरकते आणि सांधा दिसतच नाही. फळी आत भिंतीला टेकणार नाही एवढं बघा, फट तिथेही हवी. पाइपसाठी भोक पाइपपेक्षा २० मिलिमीटर मोठं पाडा.

लॅमिनेटची सलग लांबी साधारण आठ-दहा मीटरच्या पुढे गेली की मध्ये जोडपट्टी द्यावी लागते, आणि दारात ती देणं केव्हाही चांगलं. जड ओटा किंवा भिंतीत जखडलेलं कपाट फ्लोटिंग जमिनीवर बसवू नका. एका बाजूला जमीन दाबली गेली की ती मोकळेपणी सरकू शकत नाही, दुसऱ्या बाजूचे सांधे उघडतात. आधी ओटा, मग त्याच्या कडेपर्यंत फळ्या.

गोंदाने चिकटवायचं तर पायाखाली भरीव वाटतं आणि आवाज कमी येतो. दातेरी लोखंडी पट्टीचे दात कंपनीने सांगितलेल्या मापाचेच घ्या. हाताच्या अंतरात जेवढं बसवता येईल तेवढाच गोंद पसरवा. अधूनमधून एक ताजी फळी उचलून बघा, पाठीला गोंद सगळीकडे लागलेला हवा. वर सांडलेला ओला असतानाच पुसा. वाळल्यावर तो फिनिशसकट निघतो.

खिळ्यांच्या पद्धतीत पहिल्या ओळीची जीभ खोलीकडे. भिंतीजवळचे खिळे वरून मारले तरी चालतात, स्कर्टिंग ते झाकतं. पुढे सगळे खिळे जिभेतून ४५ अंशात, भरीव पट्टीला साधारण १० ते १२ इंचांवर. भरीव लाकडाची भिंतीलगतची फट पट्टीच्या जाडीएवढी, म्हणजे १८-२० मिलिमीटर. शेवटच्या एक-दोन ओळींत खिळे मारायचं मशीन मावत नाही, तिथे भोक पाडून हाताने.

स्कर्टिंग भिंतीला ठोका, जमिनीला कधीही नाही.

फिनिश आणि पहिले आठवडे

कारखान्यातून फिनिश होऊन आलेल्या फळ्यांचं काम इथेच संपतं. कच्चं लाकूड जागेवर घासायचं असेल तर जाड सँडपेपरपासून बारीककडे, म्हणजे ४० नंतर ६०, मग १०० ते १२०; मधला टप्पा गाळला तर जाड ओरखडे तेल लावल्यावरच दिसतात. तेलाचं फिनिश जिथे खराब होईल तिथेच दुरुस्त करता येतं. लॅकर जास्त टणक, पण खोल ओरखडा गेला तर बहुधा सगळी खोली घासावी लागते. आणखी एक, गंमत नाही: जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर वाळताना त्या स्वतःच तापतात आणि पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

बाकी काम चालू असताना जमीन झाकायची तर हवा जाऊ देणारा पुठ्ठा. रंगाऱ्याची चिकटपट्टी थेट फळीवर नको. खुर्च्यांना नमद्याच्या टिकल्या, पुसायला घट्ट पिळलेलं फडकं, वाफेचा मॉप अजिबात नाही. खोलीची आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत राहिली तर फळ्या शांत राहतात. उरलेल्या फळ्यांपैकी चार-पाच, बॅचच्या चिठ्ठीसकट, घरातच आडव्या ठेवा. काही वर्षांनी तोच रंग बाजारात मिळत नाही.

पहिल्या दमट हंगामात फळ्यांच्या कडा थोड्या उचलून मध्ये खोलगट झाल्या तर याचा अर्थ खालची बाजू वरच्यापेक्षा ओली आहे. लगेच मशीन आणून कडा घासू नका. ओल निघून गेल्यावर फळी सपाट होऊ पाहते, आणि कडा आधीच खाल्लेल्या असल्याने मध्ये उंच राहते. आधी ओल कुठून येते ते शोधा, ते बंद करा, मग वरच्या आणि खालच्या बाजूचे मीटरचे आकडे जुळेपर्यंत थांबा. बऱ्याचदा तोवर फळ्या आपणहून बसलेल्या असतात. नसल्या तर मग मशीन.